देपालपूरसाठी एक खाट

आमच्या घरात सायकलवरून उतरण्याचा एक नियम होता, आणि तो घोड्यांच्या काळातला होता. पणजोबा संस्थानच्या पागेत होते. वडीलधारं माणूस समोरून पायी येत असेल तर आपण घोड्यावर बसून त्याच्यापुढून जायचं नाही, खाली उतरायचं, मुजरा करायचा, ते पुढे गेले की मगच रिकिबीत पाय घालायचा, अशी त्यांची शिस्त. पुढे संस्थान गेलं, घोडे गेले, पागेच्या जागी कुणीतरी लाकडाची वखार टाकली. बाबा कापडाच्या मिलमध्ये कारकून झाले आणि घोड्याच्या जागी सायकल आली. नियम मात्र जागचा हलला नाही. राजेंद्र नगर तेव्हा नवीन वसत होतं आणि आमच्यासारखीच दरबारी चाकरीतली जुनी मराठी घरं तिथे येऊन राहिली होती, त्यामुळे म्हाताऱ्यांना तोटा नव्हता. सकाळी काळी टोपी घालून, काठी घेऊन सगळे फिरायला निघत. मी कॉलेजला निघाले की दर वळणावर एक आजोबा. उतरा, नमस्कार करा, ‘बाबांचं गुडघ्याचं कसं आहे?’ याला उत्तर द्या, पुन्हा चढा. पहिला तास मला क्वचितच मिळे. प्राध्यापकांना मी एकदा खरं कारण सांगितलं तर ते हसून म्हणाले, ‘तो बेटा, पैदल आया करो, जल्दी पहुँचोगी.’

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि आत्या. पहाटे मिलचा भोंगा होई, तो आमच्याकडे वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कधी मोठा तर कधी विरून गेल्यासारखा ऐकू येई. मग दूधवाल्याच्या किटल्या, मग आईचा स्टोव्ह. स्टोव्हचा आवाज थांबला की पोहे झाले असं समजायचं. वर शेव, जिरावणाचा मसाला आणि लिंबू. बाबांना पोह्यांवर ओलं खोबरं लागे, कारण त्यांच्या आईचं तसं होतं, आणि इंदुरात नारळ महाग म्हणून आई रोज एकदा त्यांच्या आईची आठवण काढी, ती काही फार प्रेमाने नाही. थंडीत आत्या गराडू, म्हणजे आमच्याकडचा एक कंद, तळायची. तिच्या हातचे गराडू बाहेरून कडक आणि आतून लोण्यासारखे मऊ असत. अजून या वयात, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं असताना, मला जर कुणी विचारलं की काय हवं, तर मी तेच मागेन.

आत्याचं नाव सुमती. बाबा तिला ‘सुमे’ म्हणत, आई ‘वन्सं’. आजोबा महेश्वरला तहसिलीत होते तेव्हा ती नर्मदेत पोहायला शिकली होती, आणि म्हणे भर पुरात पलीकडच्या काठाला हात लावून परत येई. तिला देपालपूरला दिलं. सासर खातंपितं, शेतीवाडीचं. सासऱ्यांचा, म्हणजे तिच्या मामंजींचा, गावात मोठा वचक. तिचे दिवस भरले तेव्हा पावसाळा होता. गावातल्या सुईणीने हात टेकले, मग बैलगाडी जुंपली, तर मधे गंभीर नावाच्या नदीला पूर. गाडी काठावर पाणी उतरायची वाट बघत उभी राहिली. इंदूरच्या इस्पितळात पोचेपर्यंत मूल पोटातच गेलेलं होतं आणि पुन्हा होणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मामंजी इस्पितळाच्या दारात बाबांना म्हणाले, ‘हिला आता आराम लागेल. थोडे दिवस माहेरी राहू द्या,’ आणि पाठ फिरवून गाडीत बसले. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. त्यांनी नेलं नाही, हिने विचारलं नाही. नवरा वाईट नव्हता असं आई म्हणे, फक्त बापापुढे त्याचं तोंड उघडत नसे. मला तर अशा माणसाला वाईट म्हणायला काहीच हरकत वाटली नाही, आजही वाटत नाही.

तिच्यासमोर देपालपूरचं नाव कुणी काढत नसे. तिकडच्या बाजारातून गहू आले तरी आई ‘मंडीतले’ एवढंच म्हणे. म्हणून त्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी मुळेबाईंनी सगळ्या बायकांसमोर ते नाव घेतलं तेव्हा आईने तबक हातात धरूनच स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मुळेबाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि महिला मंडळाचा कणा. आत्या आत स्वयंपाकघरात होती. हळदीकुंकवाच्या दिवशी तिला नेहमी आतच काहीतरी काम निघे.

‘ऐसा है की,’ मुळेबाई म्हणाल्या, ‘देपालपूरला बाळंतिणींसाठी दोन खोल्या बांधून तयार आहेत, पण आत एक खाट नाही. इथले व्यापारी द्यायला तयार आहेत, पण त्यांना काहीतरी तमाशा पाहिजे. तर माझा भाऊ महूला फौजेत आहे. तिकडे एक शर्यत करतात, तिघा-तिघांची. एक पोहतो, एक सायकल चालवतो, एक धावतो. आपण ती बायकांची करून राहिलो. एका घरच्या तिघी. पिपलियापाल्याच्या तलावात पोहायचं, तिथून राजेंद्र नगरवरून महू नाक्यापर्यंत सायकल, तिथून राजवाड्यापर्यंत धावायचं. दुपारचा भोंगा व्हायच्या आत जेवढ्या तुकड्या पोचतील तेवढ्या खाटा. जिंकायची भानगड नाही. पोचायचं.’

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, ‘बाई, मला तर घरातून नळापर्यंत धावता येत नाही.’ आत खलबत्त्याचा आवाज चालला होता तो थांबला. आत्या दारात आली. हात वेलचीच्या पुडीने माखलेले. सगळ्या सवाष्णींसमोर ती कितीतरी वर्षांनी अशी उभी राहिली असेल.

‘आमच्या घरून लिहून घ्या,’ ती म्हणाली. ‘पोहायला मी. सायकलला कुमुद आहे.’ तिने माझ्याकडे मान केली.

‘आणि धावायला?’ मुळेबाईंनी विचारलं.

आई तबक खाली ठेवत म्हणाली, ‘दूधवाल्यामागे रोज धावते ती कोण आहे मग?’

बाबांना ते रात्री जेवताना समजलं. ते बराच वेळ वरणात भात कालवत राहिले. मग म्हणाले, ‘सुमे, शंभर लोक बघतील.’

‘बघू देत दादा. पाण्यात डोकं तेवढं दिसतं.’

‘आणि बाहेर आल्यावर?’

‘बाहेर आल्यावर मी तुमची बहीण. त्यात बघण्यासारखं काय?’ असं म्हणून तिने त्यांना तूप वाढलं. बाबा जेवू लागले. मला वाटतं त्यांना नाही म्हणायचंच नव्हतं, फक्त आपण विचारलं होतं असं नंतर सांगता यावं एवढीच सोय हवी होती. आमच्याकडचे पुरुष असेच आहेत, आणि मी त्यांना जन्मभर रागावून पुन्हा त्यांचीच बाजू घेत आले आहे.

मग तयारी सुरू झाली. आई पहाटे पदर खोचून कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या मारू लागली. माझे कॅनव्हासचे बूट तिला सैल होत म्हणून पुढे जुन्या साडीच्या चिंध्या कोंबल्या होत्या. मैदानावरच्या कुत्र्याला आई धावते ही गोष्टच पटली नाही, तो रोज मागे लागे, आणि आईचा वेग वाढण्यात त्याचा मोठा वाटा आहे. शेजारपाजारच्यांनी आम्हाला खायला घालण्याचा विडा उचलला. डिंकाचे लाडू, तुपात बुडवलेले बाफले, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे. एका घरून तर खास ‘पोहणाऱ्या बाईंसाठी’ सुंठीचा शिरा. आत्या बाबांबरोबर तलावावर जाई आणि ओल्या केसांनी परत येई.  स्वयंपाक करताना ती गुणगुणायला लागली होती, हे आईने मला डोळ्यांनी दाखवलं. एकदा मी तिला विचारलं, ‘आत्या, जमेल ना आपल्याला?’ ती म्हणाली, ‘मला खाट पाहिजे ग. तिथे एक खाट असली पाहिजे.’ एवढंच. पण असं काही मागताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवसापासून शर्यत ही माझ्यासाठी गंमत राहिली नाही.

आता माझी नात अशा शर्यतींना जाते. तिच्या सायकलचं वजन माझ्या भाजीच्या पिशवीपेक्षा कमी आहे. धावताना नाडीचे ठोके मनगटावर दिसतात. मी तिला म्हणते, छान आहे. खरंच छान आहे. आमच्या वेळी पाण्यात उतरताना काय घालायचं यावरच महिला मंडळाच्या कितीतरी बैठका झाल्या होत्या.

आत्या नऊवारी लुगड्याचा घट्ट काष्टा घालून पाण्यात उतरली. दंडाला पिवळी पट्टी. ती ओली पट्टी पुढे माझ्या दंडाला बांधायची आणि मी आईच्या. काठावर माणसंच माणसं. इतर घरच्या मुली पाणी उडवत, धापा टाकत निघाल्या. आत्याचे हात पाण्यात जाताना आवाजच होत नव्हता. पलीकडून परत वळताना सगळ्यांत पुढे तिचं डोकं दिसलं आणि माझ्या शेजारी उभा असलेला एक सायकलवाला म्हणाला, ‘भिया, ये बाई तो नदी की लगती है.’ मला इतका अभिमान वाटला की मी त्याला सांगून टाकलं, ‘माझी आत्या आहे.’ ती बाहेर आली तेव्हा थंडीने ओठ निळे झाले होते. तिने पट्टी माझ्या दंडाला बांधली, पक्की गाठ मारली आणि म्हणाली, ‘जा.’

मी निघाले. सगळ्यांच्या पुढे. वारा पाठीवर होता, रस्ता मोकळा होता, आणि राजेंद्र नगरचं वळण घेतलं तर समोर आबासाहेब. आमच्या मागच्या गल्लीतले, कोट-टोपी घालून, काठी टेकून, कॉलनीची पोर शर्यतीत आहे म्हणून कौतुकाने रस्त्याच्या कडेला उभे. मी ब्रेक दाबला, उतरले आणि नमस्कार केला.

आबासाहेबही सवयीने म्हणाले, ‘औक्षवंत हो. बाबा निघाले का घरून?’

‘निघाले,’ मी म्हणाले, आणि मग मला कळलं मी काय करून बसले आहे. झटकन चढले. चार पायडल मारते तो पुढे दुसरे आजोबा. त्यांच्यापुढे तिसरे. सगळी कॉलनी सकाळपासून येऊन रस्त्याला लागून उभी होती, काळ्या टोप्यांची ओळच्या ओळ, आणि पाय माझं ऐकेनात. डोकं म्हणत होतं चालव, पाय म्हणत होते उतर. जन्मल्यापासूनचं वळण असं एका सकाळी जात नाही. दुसऱ्यांदा उतरले, तिसऱ्यांदा उतरले. मागच्या मुली घंटी वाजवत एकेक करून पुढे गेल्या. चौथ्या आजोबांना नमस्कार करताना मला रडू फुटलं. भोंगा झाला आणि आपण इथेच नमस्कार करत उभ्या राहिलो तर आत्याला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात गल्लीतून बाबा सायकलवरून आले. लांबूनच ओरडले, ‘कुमुद, उतरू नकोस. चालव, चालव.’ आणि असं ओरडत असतानाच त्यांना आजोबांची ती ओळ दिसली आणि ते स्वतः सायकलवरून उतरले. हात जोडून उभे. सगळे हसले, मी रडत होते तरी मीसुद्धा.

आबासाहेब काठी आपटत मागून चालत आले. ‘अरे, पोरीचा दोष नाही,’ ते म्हणाले. ‘ती चांगल्या घरची आहे, उतरणारच. आपण तिला दिसलोच नाही तर ती उतरेल कशाला? चला, घुमा सगळे. तोंडं तिकडे करा. पुढेही सांगा.’

आणि ते स्वतः वळले. मग शेजारचे वळले, मग त्यांच्या शेजारचे. ‘घुमा, घुमा, पोरगी येतेय,’ असा निरोप माझ्या पुढे पुढे गेला. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना उतरवलं ते सगळे म्हातारे शर्यत बघायला सकाळपासून येऊन उभे राहिले होते, आणि आता शर्यतीकडे पाठ करून कुंपणांकडे, भिंतींकडे, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या पापडांकडे बघत उभे होते. मी सायकलवर बसले आणि निघाले. दोन्ही बाजूंना नुसत्या पाठी, कोटांच्या, धोतरांच्या, एक-दोन वाकलेल्या. कुणी मान वळवली नाही. एक जण पाठमोरेच म्हणाले, ‘जोरात, बेटा.’ माझ्या आयुष्यात माझा पुष्कळांनी मान केला, हार घातले, शाली दिल्या. त्या पाठींइतकं मला कुणी जपल्याचं आठवत नाही.

कॉलनी संपते तिथल्या वळणावर देपालपूरची चार-पाच मंडळी होती. खाटा न्यायला आलेली, तोवर स्वारांना पाणी देत उभी. त्यांच्यापर्यंतही निरोप गेला होता आणि तेही वळले होते. एक सोडून. पांढरा साफा, पांढऱ्या मिशा, हातात पाण्याचा तांब्या, आणि तोंड सरळ माझ्याकडे. मामंजी. मी त्यांना इस्पितळाच्या दारात पाहिलं होतं तेव्हा लहान होते, तरी ओळखलं. नात्याने आमच्याकडे त्यांच्याइतका मान कुणाचाच नाही, मुलीचं सासर. पाय सवयीने खाली येऊ लागला. आणि मग माझ्या मनात आलं, सगळे वळले, हे तेवढे का वळले नाहीत? आजसुद्धा यांना मी उतरून नमस्कार केलेला हवाच आहे? माझ्या अंगाचा संताप संताप झाला. मी पाय वर घेतला, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पायडल मारलं आणि पाणी न घेता पुढे गेले. वडीलधाऱ्यापुढून न उतरता जाण्याची ती माझी पहिली वेळ.

महू नाक्याला आई पायांची चुळबुळ करत उभी होती. ‘रडलीस का ग?’ एवढं विचारेपर्यंत पट्टी बांधून झाली आणि ती पळालीही. मी सायकल हातात धरून मागे, बाबा त्यांची सायकल हातात धरून माझ्या मागे. राजवाड्याकडचा बाजार उघडला होता. आई टांग्यांमधून, हातगाड्यांमधून, ‘सरको भैया, सरको’ करत पळत होती, आणि दुकानदार गाद्यांवरून उठून ओरडत होते, ‘दौड़ो भाभीजी, दौड़ो.’ एका हलवायाने तिच्यापुढे जिलेबीचा दोना धरला. पाहुणचाराला नाही म्हणणं आईच्या रक्तात नाही. ‘येताना घेते,’ म्हणाली आणि धावत राहिली.

राजवाड्यासमोर लोखंडी खाटा ओळीने मांडून ठेवल्या होत्या. जी तुकडी पोचेल तिची पट्टी मुळेबाई एकेका खाटेच्या पायाला बांधत होत्या. आमची पट्टी बांधली गेली तेव्हा पुष्कळ खाटांना पट्ट्या बांधून झाल्या होत्या, पण बांधली गेली. आई तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली. तिने एक बूट काढून आतल्या चिंध्या सारख्या केल्या न केल्या तोच भोंगा झाला. बाबांनी सर्वांसमक्ष आईला पाणी आणून दिलं. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, हे तिने पहिल्यांदा पाहिलं असणार, कारण पाणी प्यायच्या आधी तिने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

आत्या टांग्यातून आली. लुगडं बदललेलं, केस ओलेच. आली ती सरळ खाटेपाशी गेली आणि पट्टीची गाठ हाताने चाचपून बघितली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. आनंद म्हणावा तर तिचे डोळे भरले होते. तेवढ्यात देपालपूरची मंडळी आली. पुढे मामंजी.

बाबा लगबगीने हात जोडून पुढे झाले. ‘काकासाहेब, माफ करा. कुमुद सायकलवरून उतरली नाही. घाईत...’

‘मी काही म्हटलं का?’ मामंजी म्हणाले. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. ‘बरं केलं नाही उतरली.’ मग ते आत्याकडे वळले, पण बघत होते खाटेकडे. ‘सगळे पाठ करून उभे राहिले. मलाही म्हणाले, आप भी घूम जाओ. मी नाही घुमलो. सूनबाई, एकदा तुमच्याकडे पाठ फिरवली, तेवढी बहोत झाली. तुमच्या घरची मुलगी माझ्या गावासाठी येऊन राहिली होती. मला ती येताना बघायची होती.’

 माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. पुढे काय झालं असं लोक अजून मला विचारतात, आत्या सासरी गेली का म्हणून. नाही गेली. त्यांनी नंतर गाडी पाठवली होती, ती तिने गूळ-शेंगदाणे देऊन परत पाठवली. मुळेबाईंच्या शाळेत ती मुलींना पोहणं शिकवू लागली आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी तिथे एक म्हातारा माणूस साफ्याचं टोक बोटांत चुरगाळत उभा होता आणि तिच्या तोंडून काहीतरी ऐकायला थांबला होता. ‘चुकलं आमचं,’ असं तो म्हणालाही, पण इतकं हळू की बाजाराच्या गलबल्यात ते फक्त जवळच्यांना ऐकू आलं.

आत्याने डोक्यावर पदर घेतला. वाकून नमस्कार केला, रीतीप्रमाणे. मग सरळ उभी राहिली.

‘खाटा आजच न्या, मामंजी,’ ती म्हणाली. ‘यंदा नदीला पाणी यायच्या आत सगळं लागलेलं असू दे.’

‘हो,’ मामंजी म्हणाले. पाण्याचा तांब्या अजून हातातच होता, तो त्यांनी शेजारच्याच्या हातात दिला, आमच्या पट्टीच्या खाटेपाशी गेले आणि गाडीत चढवायला तिचं एक टोक स्वतः धरलं.